तुमची आवडती युद्धनौका कुठली? (एकच सांगा, आणि तिच्यावरचं एकच हत्यार)

गलबत्या

मंडळी, घरातला वाद मिटवायला धागा काढतोय. भाचा सातवीत आहे, शाळेत प्रोजेक्ट दिलाय की इतिहासातल्या एका युद्धनौकेचं पुठ्ठ्याचं मॉडेल करून आणा आणि तिच्यावर पाच मिनिटं बोला. पुढच्या सोमवारी द्यायचंय. साहेबांनी मोबाईलवर गेम खेळून खेळून आधीच ठरवून टाकलंय की दुसऱ्या महायुद्धातली जपानी यामाटो करायची, का तर "मामा, तिच्या तोफा जगात सगळ्यात मोठ्या होत्या". मी म्हटलं आपल्या आंग्र्यांचं गुराब कर, तर म्हणे त्यात काय, पुढे दोनच तोफा. बहीण त्याच्या बाजूने, मेहुणे टीव्हीच्या बाजूने.

तर आख्ख्या आरमारी इतिहासातली तुमची एक आवडती नौका सांगा, आणि तिच्यावरचं एक हत्यार ज्याच्यामुळे ती आवडते. याद्या नकोत, याद्या गूगलवर पण मिळतात.

माझं गुराब. दोन नाहीतर तीन डोलकाठ्या, तळ उथळ, नाळ (म्हणजे पुढचं टोक) लांब आणि बुटकी, आणि नाळेवर थेट समोर रोखलेल्या दोन तोफा. तेव्हाच्या युरोपियन जहाजांच्या बहुतेक तोफा कुशीला, म्हणजे समोरच्याला हाणायचं तर आख्खं जहाज आडवं करायला लागायचं. गुराब यायचं पिछाडीने, जिथे त्यांचा मारा सगळ्यात कमी. वारा पडला की ते मोठं धूड जागच्या जागी डुलत बसणार आणि आपली गलबतं चाळीस-पन्नास वल्ह्यांवर सुसाट, गुराबाला दोर लावून ओढतसुद्धा न्यायची. आधी शिडं आणि डोलकाठ्या फोडायच्या, मग गलबतातली माणसं तलवारी घेऊन वर चढायची. मोठी तोफ नाही, पण ती कुठून डागायची ही अक्कल मोठी. हे त्या पोराला कसं पटवू?

तांबडा_रस्सा

यामाटो. पोराला माझा पाठिंबा. धागा बंद करा.

मृण्मयी_टी

मी कामानिमित्त हिरोशिमात दीड वर्ष होते तेव्हा कुरेला जाऊन तिथलं यामाटो म्युझियम बघितलंय. तिथे तिचं एकास दहा मापाचं मॉडेल आहे, म्हणजे मॉडेलच २६.३ मीटर! बाजूला उभं राहिलं की आपण मुंगी. ४६ सेंटिमीटरच्या ९ तोफा, एकेक चिलखतभेदी गोळा १,४६० किलोचा, पल्ला ४२ किलोमीटर. डोंबिवलीतून डागला तर सीएसएमटीला पडेल असा हिशोब मी तिथेच उभ्या उभ्या केला होता (सवय, काय करणार).

मला जास्त गंमत वाटली ती लपवाछपवीची. ह्या तोफांचं कागदोपत्री नाव '४० सेंटिमीटर' असं ठेवलं होतं, म्हणजे कागद शत्रूच्या हाती लागला तरी खरं माप कळू नये. आणि विमानं पाडायला ह्याच अवाढव्य तोफांमधून मारायचा एक गोळा होता, सानशिकी, तो हवेत फुटून शेकडो जळत्या नळ्या फेकायचा. दिसायला दिवाळी, विमानं फारशी पडायची नाहीत.

कोपऱ्यातला_बाक

आता पुढचं पण सांगा ना ताई. ह्या जगप्रसिद्ध तोफा शत्रूच्या जहाजांवर आयुष्यात किती वेळा डागल्या? एकदा. २५ ऑक्टोबर १९४४, फिलिपिन्समधल्या समारजवळ. आणि ७ एप्रिल १९४५ ला अमेरिकन विमानांनी दुपारच्या दुपारी बुडवली, तिला बुडवणारं एक जहाजसुद्धा तिच्या नजरेच्या टप्प्यात नव्हतं. नाव मोठं लक्षण खोटं. तिची बहीण मुसाशी त्याआधीच तशीच गेली, आणि तिसरीची तर अर्ध्यावरच विमानवाहू केली तिला पाणबुडीने खाल्ली.

तांबडा_रस्सा

@बाक, धाग्यात 'आवडती' विचारलंय, 'यशस्वी' नाही. मला आवडणारा बॅट्समनपण दर वेळी शून्यावर जातो म्हणून मी आवडणं सोडलं का?

समुद्रकाठ

जहाज इंग्रजांची विमानवाहू आर्क रॉयल, हत्यार स्वोर्डफिश. कापड ताणून बसवलेलं दोन पंखांचं विमान, पोटाखाली एक टॉर्पेडो. मे १९४१ मध्ये जर्मनांच्या बिस्मार्कने इंग्रजांचं हूडसारखं जहाज उडवलं, १,४१८ माणसांतली ३ वाचली. इंग्रजांचं आख्खं आरमार मागे लागलं. २६ तारखेला आर्क रॉयलवरून स्वोर्डफिश उडाली आणि खराब हवेत चुकून आपल्याच शेफिल्ड जहाजावर तुटून पडली!! नशीब की त्या टॉर्पेडोंना चुंबकी फ्यूज होते, ते पाण्यात पडल्या पडल्या भलतीकडेच फुटले आणि शेफिल्ड वाचलं. परत येऊन बघितलं, चुंबकी फ्यूज कामाचे नाहीत, मग आदळल्यावर फुटणारे लावले आणि संध्याकाळी पुन्हा गेले. त्यातला एक बिस्मार्कच्या सुकाणूजवळ बसला. जहाज शाबूत, तोफा शाबूत, फक्त वळता येईना. दुसऱ्या दिवशी सकाळी रॉडनी आणि किंग जॉर्ज पंचमने तिला गाठलं.

म्हणजे आधीची फजिती झाली नसती तर बरोबर टॉर्पेडो लागला नसता. मला हे फार आवडतं.

चहा_अर्धा

ऑब्जेक्शन. विमान हे हत्यार कसं? उद्या कुणी म्हणेल जहाज अमुक आणि हत्यार त्यातला स्वयंपाकी.

समुद्रकाठ

टॉर्पेडो धरा मग. स्वयंपाक्याबद्दल मात्र मी काही बोलणार नाही, माझी बायको हा धागा वाचते.

नाना_फिटर

नमस्कार. मी सहसा फक्त वाचतो. आज राहवलं नाही.

माझी नौका गोदावरी. माझगाव गोदीत ती बांधली तेव्हा मी फिटर होतो, तिशीसुद्धा गाठली नव्हती. डिसेंबर १९८३ ला ती आरमारात गेली. तिचं हत्यार म्हणाल तर रशियन क्षेपणास्त्रं, पण मला ती हत्यारामुळे आवडत नाही, हत्यार बसवताना झालेल्या भानगडीमुळे आवडते. बॉयलर-टर्बाइनचा घाट विलायती लिएंडर जातीचा, क्षेपणास्त्रं रशियन, हेलिकॉप्टरं सी किंग, तीसुद्धा एक नाही दोन. एकाचं व्होल्टेज दुसऱ्याला चालत नाही, एकाचे नट दुसऱ्याच्या पान्यात बसत नाहीत. लोक म्हणायचे हे उभंच राहणार नाही. राहिलं, आणि ३२ वर्षं राहिलं.

एक गोष्ट सांगतो जी पुस्तकात वाचली नाही. प्रोपेलरच्या शाफ्टचं अलाइनमेंट आम्ही रात्री करायचो. दिवसभर ऊन एका बाजूने पडतं, पत्रा त्या बाजूला तापतो आणि आख्खं जहाज केसाएवढं वाकतं. डोळ्याला दिसत नाही, पण तारेला कळतं. म्हणून रात्री दोन-तीनला, पत्रा थंड झाला की तार ताणायची, कुणी बोलायचं नाही, मोठे साहेबसुद्धा कुजबुजत. सकाळी सात वाजता पुन्हा मोजलं तर आकडा बदललेला. नवीन पोरं म्हणायची नाना तुमचं चुकलं. मी म्हणायचो, माझं नाही रे, सूर्य उगवला.

मृण्मयी_टी

नाना __/\__ तुम्ही वेगळा धागा काढाच.

चहा_अर्धा

नाना, माझं ऑब्जेक्शन मागे. स्वयंपाकी पण चालेल.

चेन्नईवासी

एम्डन! पहिल्या महायुद्धातली जर्मन क्रूझर. २२ सप्टेंबर १९१४ च्या रात्री हिने मद्रासवर गोळे टाकले, बंदरातल्या तेलाच्या टाक्या पेटवल्या. हायकोर्टाच्या कंपाउंड वॉलला एक गोळा लागलेला त्या जागी पाटी आहे, मी रोज त्या रस्त्याने जातो आणि रोज ट्रॅफिकमध्ये तिथेच अडकतो. तोफा फक्त १०.५ सेंटिमीटरच्या, दहा. पण तिचं खरं हत्यार चौथं धुरांडं. तिला होती तीन, कॅप्टन फॉन म्युलरने लाकूड-कॅनव्हासचं चौथं खोटं उभं केलं म्हणजे लांबून इंग्रज क्रूझर वाटावी. ह्या बहुरूप्यावर पेनांगच्या बंदरात घुसून तिथे नांगरलेली रशियन क्रूझर बुडवली. पकडलेल्या व्यापारी जहाजांवरच्या लोकांना मात्र नीट उतरवून घ्यायचा, त्यामुळे इंग्रजी पेपरसुद्धा त्याच्याबद्दल बरं लिहायचे. नोव्हेंबरात कोकोस बेटांजवळ ऑस्ट्रेलियाच्या सिडनीने गाठली, तिच्या सहा इंची तोफांपुढे काही चाललं नाही. इथे तमिळमध्ये अजून बेरकी माणसाला 'एम्डन' म्हणतात. आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीला म्हणतात.

खाडीपलीकडे

विजयदुर्गच्या बाजूचा आहे त्यामुळे गलबत्याला पाठिंबा देणं माझं कर्तव्य, पण एक भर घालतो आणि एक चूकही काढतो. वारा पडला तर गुराब राजा, हे खरं. पण वारा चांगला असला आणि मोठं जहाज नीट हाकलं गेलं तर गुराबाची पंचाईत व्हायची. १६७९ ला खांदेरीच्या लढाईत बघा, मराठ्यांनी डव्ह नावाचं इंग्रजांचं जहाज (तेही गुराबच होतं, गंमत बघा) धरलं, पण त्यांचं रिव्हेंज एकटं लढत राहिलं आणि आपल्या काही गलबतांना त्याने बुडवलंसुद्धा. मग जिंकलं कोण? बेट आपल्याकडे राहिलं. कसं राहिलं, तर रात्री उथळ पाण्यातून लहान होड्या खडकांमधून रसद पोचवत राहिल्या आणि मोठ्या जहाजांना तिथे शिरताच येईना. म्हणजे माझ्या मते तिथलं हत्यार तोफ नव्हतंच, तळ उथळ असणं हेच हत्यार.

गिर्ये गावाजवळ खाडीत अजून मराठ्यांच्या गोदीच्या खुणा दाखवतात, लहानपणी आम्ही तिथे खेकडे पकडायला जायचो. तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं की ही गोदी आहे, आम्हाला वाटायचं कुणाचा तरी पडका बांध.

गलबत्या

@खाडीपलीकडे, चूक मान्य. भाच्याला वाचून दाखवलं तर तो म्हणतो "म्हणजे जहाजाचं हत्यार म्हणजे त्याचा खालचा भाग??" आता यामाटोचा खालचा भाग शोधतोय. तुम्ही मदत करताय की आग लावताय?

टीसकाठची

मी ईशान्य इंग्लंडमध्ये, हार्टलपूलपासून अर्ध्या तासावर राहते. इथे बंदरात एक तीन डोलकाठ्यांचं जहाज उभं असतं, ट्रिंकोमाली. पहिल्यांदा मुलांना घेऊन गेले तेव्हा तिकीट काढून आत शिरले, पाटी वाचली आणि थबकले: बांधणी मुंबई, १८१७. जमशेटजी बोमनजी वाडियांनी बांधलेलं, मलबारी सागवानाचं. आज पाण्यावर तरंगणारी ब्रिटनची सगळ्यात जुनी युद्धनौका हीच. (पोर्ट्समथची व्हिक्टरी हिच्याहून जुनी, पण ती कोरड्या गोदीत ठेवलीय.)

ओक का नाही आणि सागवान का, तर ओकच्या लाकडातल्या आम्लाने लोखंडी खिळे खाल्ले जातात, सागवानात तेल असतं म्हणून खिळाही टिकतो आणि लाकूडही. तोफांच्या डेकवर मला वाकून चालावं लागलं, मी पाच फूट चार इंच आहे. तुळईवरून हात फिरवला आणि खरं सांगते, आजीच्या वाड्याच्या दाराची आठवण आली, अगदी तोच गुळगुळीतपणा. नकाशांचा पण किस्सा आहे, तिचे आराखडे मुंबईला पाठवले ते ज्या जावा नावाच्या जहाजातून, ते जहाजच १८१२ मध्ये अमेरिकनांनी पकडलं, मग दुसरे पाठवावे लागले. ४६ तोफांचं फ्रिगेट. मोठा पराक्रम काही नाही नावावर, बांधून इंग्लंडला नेलं आणि पुढची पंचवीस-एक वर्षं नुसतं उभं करून ठेवलं. तरी माझं तेच.

कोपऱ्यातला_बाक

वाडियांचं कॉर्नवॉलिसपण मुंबईचंच, १८१३ चं. १८४२ ला नानकिंगचा तह त्याच्यावर झाला, ज्यात चीनने हाँगकाँग सोडलं. मुंबईच्या सागवानाने कोणाकोणाचं काय काय केलं ते बघायला गेलं तर अभिमान बाळगावा की नाही प्रश्नच पडतो.

तांबडा_रस्सा

बाक, तू लग्नाच्या पंगतीतसुद्धा असाच बोलतोस का?

बांबोळी

गोव्याकडून एक. माझी आवडती म्हणजे हरलेली नौका आहे, चालेल ना? अफोन्सो द अल्बुकर्क. १८ डिसेंबर १९६१. मुरगावच्या बंदरात पोर्तुगीजांची ही एकटी, बाहेरून आपल्या बेटवा आणि बियास. हिच्या ४ तोफा १२० मिलिमीटरच्या आणि जुन्या, आपल्या प्रत्येक नौकेवर साडेचार इंची चार, नव्या आणि भराभर डागणाऱ्या. कॅप्टन जखमी झाला, शेवटी जहाज बांबोळीच्या किनाऱ्याला रुतवलं. आमच्या आजीला तोफांचे आवाज आठवायचे, ती म्हणायची आधी वाटलं नाताळच्या आधीच कुणी फटाके लावले. मुक्तीचा आनंद होताच, त्याबद्दल प्रश्नच नाही, पण रुतलेलं जहाज बघायला गर्दी झाली तेव्हा तिला म्हणे त्याची दया आली. लढाई कशी संपणार हे सगळ्यांना माहीत असताना तोफेमागे उभं राहणं, तेवढंच म्हणतोय.

माजी_खलाशी

वरचं वाचून लिहितोय. मी आरमारात होतो, ७१ नंतर भरती झालो पण ७१ वाले आमचे सीनियर.

माझ्या मते हत्यार आणि जहाज यांचं सगळ्यात उलटं प्रमाण म्हणजे ओसा जातीच्या मिसाइल बोटी. निपट, निर्घाट, वीर. दोनशे-सव्वादोनशे टनांच्या, प्रत्येकीवर चार स्टिक्स क्षेपणास्त्रं. मुळात किनारा राखायला केलेल्या, लांब जायला तेल पुरत नाही म्हणून पोशक हे तेलाचं जहाज बरोबर. ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री कराचीवर. निर्घाटने खैबर ह्या विनाशिकेवर पहिलं मारलं आणि खैबरच्या लोकांना कळेचना काय आदळलं, त्यांनी संदेश पाठवला की शत्रूच्या विमानाने हल्ला केला. क्षेपणास्त्राचा मागचा जाळ त्यांना विमान वाटला. दुसरं लागलं आणि संपलं. वीरने मुहाफिज. म्हणून ४ डिसेंबर नौदल दिन. तसं ह्या क्षेपणास्त्राने जहाज बुडवायची सुरुवात इजिप्तने १९६७ मध्ये करून दिली होती, इस्रायलची एलात बुडवून, तेव्हाच मोठ्या आरमारांची झोप उडाली होती.

पण मला जे सांगायचंय ते पाच दिवसांनंतरचं. ९ डिसेंबर, दीवसमोर आपली खुकरी. पाकिस्तानच्या हँगोर पाणबुडीने तिला आधी ऐकलं. खुकरीवर पाणबुडी मारायचं तीन नळ्यांचं मॉर्टर होतं, चांगलं हत्यार, पण आधी सापडायला तर हवी. १८ अधिकारी आणि १७६ खलाशी गेले, कॅप्टन मुल्ला जहाजाबरोबर गेले. दीवला टेकडीवर काचेत तिचं मॉडेल आहे. तुम्ही सगळे तिथे फिरायला जाता, एकदा तिथे पाच मिनिटं थांबा. मी दोनदा गेलो, दोन्ही वेळा शेजारी कुणीतरी सेल्फी काढत होतं. काढा, पण मागे काय आहे ते वाचून काढा.

बांबोळी

थांबू.

चहा_अर्धा

मी दीवला गेलोय आणि तिथे थांबलो नव्हतो. पुढच्या वेळी.

(विषय हलका करतो.) विक्रांत म्युझियम होती तेव्हा बाबांनी नेलं होतं, चौथीत होतो. विमानं, तोफा काही आठवत नाही. लक्षात राहिला तो लोखंडी जिना, इतका उभा की आई म्हणाली मी खालीच थांबते, आणि सगळीकडे रंगाचा वास. नंतर तिच्या लोखंडाची मोटारसायकल निघाली तर बाबांनी ती घेतली. अजून चालते. टाकीवर हात ठेवून म्हणतात "ह्याच्यावरून सी हॉक उडालेत". पेट्रोल पंपावरच्या पोरांनासुद्धा सांगतात.

नाना_फिटर

बाबांना सांगा चेनला तेल वेळच्या वेळी घाला. विक्रांत असो की सायकल.

कोपऱ्यातला_बाक

सगळ्यांचं झालं, आता माझं. मी फक्त दुसऱ्यांच्या जहाजांना भोकं पाडतो असा आरोप आहे.

बेंगॉल. रॉयल इंडियन नेव्हीची सुरुंग काढणारी बोट, सातशे टनांच्या आतबाहेर, ऑस्ट्रेलियात बांधलेली. नवी कोरी, ऑस्ट्रेलियाहून मुंबईला यायला निघालेली. बरोबर ऑन्डिना नावाचं डच तेलवाहू जहाज. ११ नोव्हेंबर १९४२, कोकोस बेटांच्या नैर्ऋत्येला भर समुद्रात समोर दोन जपानी जहाजं, होकोकू मारू आणि ऐकोकू मारू. एकेक दहा हजार टनांची, १४ सेंटिमीटरच्या तोफांची रांग, वर टॉर्पेडो. बेंगॉलवर मोठी म्हणावी अशी तोफ किती? एक. तीन इंची. ऑन्डिनावरही एक, चार इंची, आणि गोळे मोजून बत्तीस.

बेंगॉलच्या कॅप्टनने ऑन्डिनाला सांगितलं तू पळ, आणि स्वतः बोट वळवून जपान्यांच्या अंगावर घातली. ऑन्डिनापण पळाली नाही, तिनेही डागायला सुरुवात केली. एक गोळा होकोकू मारूला असा जागी बसला की तिला आग लागली आणि शेवटी स्फोट होऊन ती बुडाली. गोळा बेंगॉलचा की ऑन्डिनाचा ह्यावर अजून भांडण आहे, बहुतेक लोक ऑन्डिनाच्या पारड्यात टाकतात. बेंगॉलचे गोळे संपत आले तेव्हा ती निसटली, मार खाल्लेली पण चालती. ऑन्डिनाचा कॅप्टन गेला, तिला टॉर्पेडो लागले, माणसांनी होड्या सोडल्या, जपानी जहाज तिला मेली समजून आपली माणसं गोळा करून निघून गेलं, आणि मग हे लोक परत तिच्यावर चढले, आग विझवली आणि तिला ऑस्ट्रेलियाला परत नेली.

बेंगॉलवरचे बहुतेक खलाशी आपलेच होते. आपल्याकडे कितीजणांना हे नाव माहितीय?

तांबडा_रस्सा

…

बाक, तू हे पहिल्या प्रतिसादात का नाही लिहिलंस. तीन दिवस यामाटो यामाटो करत बसलो ना मी.

समुद्रकाठ

बत्तीस गोळे मोजून. बाप रे.

गलबत्या

अपडेट. शनिवारी कुकरच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर यामाटो कापायला घेतली. तीन बुरूज, प्रत्येकात तीन नळ्या, नळ्यांसाठी नऊ रिफिली लागणार. पाचव्या रिफिलीला भाच्याच्या बोटांना फेव्हिक्विक लागलं आणि बुरूज टेबलाला चिकटला. बहिणीचं टेबल. त्यावर स्वतंत्र युद्ध झालं.

मग मी गुपचूप बाकचा प्रतिसाद त्याच्या पुढ्यात ठेवला. पूर्ण वाचला, पुन्हा वर जाऊन वाचला, आणि म्हणाला "एकच तोफ ना मामा? मग ती नीट करता येईल."

तर बेंगॉल ठरली. गुराबाला एकही मत मिळालं नाही ह्याची नोंद घ्यावी (@खाडीपलीकडे, तुमचं अर्धं). माझ्या बॉलपेनची आख्खी बॉडी तोफेला गेली कारण रिफील त्याला बारीक वाटते. मापात बसत नाही म्हटलं तर म्हणे "ती एकटी आहे, दिसली पाहिजे". आता फक्त तोफ जराशी डावीकडे झुकलीय.

नाना_फिटर

ती आज काढून ठेवा. फेव्हिकॉलने रात्री बसवा, पंखा बंद करून. सकाळी ऊन यायच्या आत बघा सरळ आहे का.